रुक्माच्या खोलीत तिसऱ्यांदा

सोमवार, १० नोव्हेंबर

आजपासून माझं काम बदललं. आतापर्यंत मी फक्त शुद्धलेखन तपासत होतो. आज ऋतुराज सर म्हणाले की आता खेळ स्वतः खेळून बघायचा आणि काय काय झालं ते संध्याकाळी लिहून द्यायचं.

"तू गेम खेळत नाहीस ना कधी? मोबाइलवरपण नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हणालो. तेव्हा ते प्रीती मॅडमकडे बघून हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस इंग्लंडचा खेळ तपासणार, याला हसले असतील.

ही दैनंदिनी मी म्हणूनच सुरू करतो आहे. ३१ डिसेंबरला माझी नोकरीतली परीक्षेची मुदत, म्हणजे प्रोबेशन, संपते. त्यानंतर मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते सर ठरवणार. उद्या कोणी म्हणालं की अतुलनं अमुक दिवशी अमुक चूक केली, तर त्या दिवशी खरोखर काय झालं होतं ते माझ्याजवळ लिहिलेलं असावं.

ऑफिस उद्यमनगरात आहे. खाली सरांच्या वडिलांचा, म्हणजे सयाजीकाकांचा लेथचा कारखाना आणि वर आम्ही. सर मालक. प्रीती मॅडम गोष्ट लिहितात. काशिफ प्रोग्रॅमिंग करतो आणि चित्रंही काढतो. तो जयसिंगपूरहून रोज रेल्वेनं येतो. झाडलोट आणि चहा अंबूबाई बघतात. पाचवा मी.

खेळाचं नाव 'काजळी'. साल १८८७, गाव लंडन. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरातून मोत्यांचा हार चोरीला जातो. खेळणारा म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर. कोणाला काय विचारायचं, कोणाच्या खोलीत शिरायचं, हे आपण निवडायचं आणि गोष्ट त्याप्रमाणे पुढे सरकते. संशयित तीन आहेत. घरचा कारभारी हॉब्ज, मुलांना शिकवणारी मिस एडिथ, आणि मुलांना सांभाळणारी आया रुक्मा. रुक्माला साहेबानं आपल्या भागातून बोटीनं नेलेलं आहे.

मी मॅडमना विचारलं, व्हिक्टोरियन म्हणजे नक्की काय? त्या म्हणाल्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. धुकं, गॅसचे दिवे, घोडागाड्या. बाहेरच्या देशांत यावर पुष्कळ खेळ झाले आहेत. "पण त्या खेळांत हिरा आपल्याकडचा असतो, शाप आपल्याकडचा असतो, माणूस मात्र एकही नसतो. म्हणून मी रुक्मा घातली."

काशिफ मागून म्हणाला, "आम्ही कुणी लंडन बघितलेलं न्हाय, भावा. आम्ही त्या लोकांचे गेम बघितलेत. आणि त्यांनी तरी कुठं १८८७ बघितलंय!"

म्हणजे कोणीच काही पाहिलेलं नाही. मग मी तपासायचं कशाशी ताडून?

बुधवार, १२ नोव्हेंबर

मॅडमनी रुक्माच्या तोंडी "मी काहीही केलेले नाही, साहेब" असं वाक्य घातलं होतं. व्याकरण बरोबर होतं, तरी मी खूण केली. म्हणालो, आमच्याकडची बाई असं बोलणार नाही.

"मग कसं बोलेल?"

"म्या कायबी केल्यालं न्हाय, सायब."

मॅडमनी लगेच बदललं. त्यामुळे मला धीर आला आणि मी आणखी बोललो. म्हणालो, आणि ती कोणी विचारायच्या आधीच गाठोडं सोडून दाखवेल.

"का?"

मग मला सांगावं लागलं. आमची आई ताराबाई पार्क या भागात एका बंगल्यावर काम करते. निघताना दारात थांबून ती आपली पिशवी उपडी करून बाईंना दाखवते. त्यांनी कधी मागितलेलं नाही. आई म्हणते, "इचारायची पाळी कशाला आणायची माणसावर?" दाखवून झालं की ती सगळं परत भरते आणि बस पकडून घरी गडमुडशिंगीला येते.

 मॅडम "हे मी घेते" म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या. घरातलं सांगायला नको होतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी निघताना मी रोजच्यासारखी माझी बॅग काशिफच्या टेबलावर उघडी करून दाखवली. तो म्हणाला, "मर्दा, रोज मला डबा काय दावतोस? मी काय एअरपोर्ट हाय?"

तो हसला. पण बघितलं मात्र त्यानं आत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज खेळ पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला. चोर हॉब्ज निघाला.

मला त्याचा पहिल्यापासूनच संशय होता. तो चहाचा ट्रे घेऊन येतो तेव्हा पावलांचा आवाज होत नाही. आपण काही वाचत असलो की नेमका मागे येऊन उभा राहतो. मी त्याच्या मागावरच राहिलो. दोनदा त्याची खोली तपासली, तळघरापर्यंत पाठलाग केला. शेवटी त्याच्या कोटाच्या अस्तरात हार सापडला. सरळ काम झालं.

काशिफनं आज त्याचं टेबल माझ्या पाठीमागे हलवलं. म्हणे खिडकीचा उजेड पडद्यावर येतो. खिडकी दोन्हीकडून सारखीच आहे. तोही रबरी तळाचे बूट घालतो, त्यामुळे केव्हा आला ते कळत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज मिस एडिथ चोर निघाली.

मी पुन्हा तपासून लिहितो. मंगळवारी हॉब्ज, आज एडिथ. आज मी तिच्यावर नजर ठेवून होतो हे खरं. कारण ती सारखी काहीतरी लिहीत असते आणि कोणी जवळ गेलं की कागद झाकते. हल्ली प्रीती मॅडमचंही तसंच चाललं आहे. मी पाणी प्यायला उठलो तरी त्यांचा लॅपटॉप अर्धा मिटतो. पण मंगळवारी ज्या कोटात हार होता त्या कोटाला आज अस्तरच नव्हतं.

मी अहवालात 'गंभीर चूक: चोर बदलला' असं लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "छान. लिहीत राहा."

आपल्या मालात गंभीर चूक आहे असं कळल्यावर कोणता कारखानदार छान म्हणतो? खाली सयाजीकाकांना कोणी असं सांगितलं असतं तर पाना फेकून मारला असता.

रात्री जेवताना बहिणीला सांगितलं. संघप्रिया नर्सिंग शिकते आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "दादा, पगार शुद्धलेखनाचा घेतोस आणि ड्यूटी पोलिसाची करतोस. भाकरी घे."

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी लवकरची बस मिळाली म्हणून कारखाना उघडायच्या वेळी पोहोचलो. काशिफ माझ्याआधी हजर होता. खालच्या भट्टीसमोर उभा राहून धुराचे फोटो काढत होता. मला बघून म्हणाला, "ह्यो आपला लंडनचा फॉग." आणि फोन खिशात घातला. खिशात घालायची एवढी घाई का केली?

शनिवार, २९ नोव्हेंबर

आता मला खात्री झाली आहे.

आज मी एकाच बिल्डवर, म्हणजे खेळाच्या एकाच आवृत्तीवर, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा खेळलो. मधल्या वेळात नवं काहीच आलं नव्हतं. सकाळी चोर हॉब्ज, दुपारी एडिथ. म्हणजे खेळ चालू असताना कोणीतरी आतून फिरवतो आहे. हे ज्याला जमतं असा माणूस ऑफिसात एकच आहे आणि तो माझ्या पाठीमागे बसतो.

का करत असेल? माझा अहवाल खोटा ठरावा म्हणून. अतुलला साधं काय घडलं तेही नीट लिहिता येत नाही, असं एकदा सरांना वाटलं की ३१ डिसेंबरला काम सोपं होईल. मागच्या आठवड्यात काशिफ फोनवर कोणाला तरी सांगत होता की त्याचा मामेभाऊ इचलकरंजीत रिकामा बसला आहे.

तो आज मला स्वतःच्या डब्यातला खिमा देत होता. मी पोट बिघडलं आहे असं सांगितलं.

बुधवार, ३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट, क्रमानं लिहितो. 

हॉब्ज आणि एडिथ दोघांवरही हाराचा आळ घालून झाला होता. राहिली रुक्मा. पुढचा घाव तिच्यावर येणार हे उघड होतं. मी ठरवलं की या वेळी चोर शोधायचाच नाही. रुक्माकडे लक्ष ठेवायचं, म्हणजे कोणी तिच्या खोलीत काही आणून टाकलं तर आपल्याला दिसेल.

तिची खोली जिन्याखाली आहे. मी गेलो. खेळात तीन प्रश्न दिलेले असतात. त्यातला 'काही नाही, सहज आलो' हा मी निवडला. ती उठून उभी राहिली. मी काही न मागता तिनं गाठोडं सोडून दाखवलं. दोन धडुती, कुंकवाची डबी, साहेबाच्या पोराचा एकच मोजा. "बगा सायब. आनि काय न्हाय." हे मॅडमनी फार चांगलं लिहिलं आहे. मला आईचा हात दिसला.

जेवणघरात हॉब्ज तिच्याबद्दल वाईट बोलला म्हणून मी पुन्हा गेलो. सहज आलो. गाठोडं तेच, मोजा तोच. फक्त तिनं या वेळी माझ्याकडे बघितलं नाही.

मग रात्र झाली, खेळातली. घरातले सगळे दिवाणखान्यात जमले आणि ती एकटीच खोलीत होती. म्हणून तिसऱ्यांदा गेलो. तिनं गाठोडं सोडलं. धडुती, डबी, मोजा आणि हार.

"म्या ठेवल्याला न्हाय, सायब. आईच्यान न्हाय."

पुढे इन्स्पेक्टर काय म्हणतो ते मी वाचलंच नाही. कम्प्युटर तसाच चालू ठेवून संडासात जाऊन बसलो. पिशवी उपडी करायची ही गोष्ट मी सांगितली होती. ती रिकामी आहे हे दिसावं म्हणून सांगितली होती. तिच्यात हार कोणी घातला?

परत आलो तेव्हा काशिफ त्याचा फोन माझ्या दिशेनं उभा करून काहीतरी करत होता. मला बघून त्यानं तो आडवा केला. "बरा हाईस न्हवं?" असं त्यानं विचारलं. 

शनिवार, ६ डिसेंबर

आज रजा. सकाळी आई, संघप्रिया आणि मी बिंदू चौकात पुतळ्याला अभिवादन करून आलो. गर्दी होती. ऑफिसातले बाकी लोक आज कामावर होते. मला रजा देताना सर पटकन हो म्हणाले, नको तेवढं पटकन.

सोमवार, ८ डिसेंबर

सकाळी अंबूबाई फरशी पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आरं, शनवारी तुझंच चित्र बघत हुती तिघं. भिताडावर एवढं मोठ्ठं! तू निसता खुर्चीत बसलाईस आणि तोंड कसनुसं करतुयास. मी म्हनलं, पोराला काय दुखतंय-खुपतंय का काय!"

"तिघं? सरपण?"

"व्हय की. मॅडम तर डोळं पुसत हुती. च्या गार झाला, कुणी हात लावला न्हाय."

माझा अंदाज चुकलेला नव्हता. मला रोज कॅमेऱ्यात धरत होते. दिवसभर मी पडद्याकडे तोंड करून बसलो आणि काहीही चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम तिथेच होत्या. काशिफलाही बोलवा म्हणालो, म्हणजे मागून चुगली केली असं व्हायला नको. मग उभ्यानंच सांगितलं. काशिफ चालू खेळात चोर बदलतो. काशिफ मला न विचारता माझं चित्रण करतो. मला काढायचं असेल तर सरळ सांगा, पण माझ्या आईची गोष्ट घेऊन तिच्या गाठोड्यात हार घालू नका.

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते तसंच निघालं.

 मग काशिफ सरांना म्हणाला, "मी म्हणलो हुतो, सर. पहिल्याच दिवशी सांगून टाकूया म्हणून."

सरांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "अतुल, चोर कोणी बदलत नाही. चोर ठरलेलाच नाही. हीच तर या खेळाची गंमत आहे. खेळणारा ज्याच्या मागं लागेल तो चोर. जास्त वेळा ज्याच्या खोलीत जाशील, ज्याला जास्त विचारशील, त्याच्याकडे हार सापडतो. प्रत्येकाला वाटतं आपण बरोबर ओळखलं."

"आणि मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू तसा खेळला असतास का? ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस आम्हाला पाहिजे होता. खरं सांगू, तुझ्याइतका चांगला मिळाला नसता." हे त्यांनी शाबासकी दिल्यासारखं सांगितलं.

मी म्हणालो, "पण मी रुक्माच्या मागं लागलो नव्हतो. मी तिची विचारपूस करत होतो."

मॅडम खाली बघत होत्या. उत्तर काशिफनं दिलं. "प्रोग्रॅमला विचारपूस कळत न्हाय, भावा. कितीदा आत गेलास एवढंच कळतं त्याला."

मॅडम म्हणाल्या, "हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी तुझा चेहरा बघितला तेव्हा..." सर मधेच म्हणाले की सुधारणा करू, पण जानेवारीनंतर. जानेवारीत बंगळूरची एक कंपनी खेळ बघायला येणार आहे, त्याआधी गाभ्याला हात लावायचा नाही.

बाहेर जिन्यात काशिफ भेटला. मी सॉरी म्हणायच्या तयारीत होतो. तोच म्हणाला, "मी रेल्वेत बॅग मांडीवरच घेऊन बसतो, म्हाईत हाय का? सीटखाली ठेवली की लोक बघायला लागत्यात." आणि खाली उतरून गेला.

याचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. घरी आल्यावरही कळलं नाही. सॉरी म्हणायचं राहिलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आता मला खेळता येत नाही. हॉब्जकडे बघितलं की वाटतं, आपण बघतो आहोत हे मोजलं जातं आहे. दरवाज्यासमोर इन्स्पेक्टर उभा करतो आणि परत फिरवतो. काल दिवसभरात मी कोणालाच चोर केलं नाही आणि अहवालही लिहिला नाही.

सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "टेस्टर म्हणून तू आता संपलास, बरोबर ना? म्हणजे वाईट अर्थानं नाही." बंगळूरच्या लोकांना दाखवायला नवख्या माणसाचं एक पूर्ण चित्रण पाहिजे. माझ्या चित्रणात मी मधेच उठून गेलो, त्यामुळे ते अर्धवट आहे. आता अंबूबाईंना बसवायचं ठरलं आहे. त्यांना वाचता येतं, आणि माउस धरायला काशिफ शिकवेल. मी पाठीमागे बसायचं, कॅमेरा बघायचा, काही अडलं तर मदत करायची.

"फक्त एक. तिला काही सांगायचं नाही. एक शब्द नाही. हे नीट पार पडलं की एक तारखेपासून तू कायम. भाषेचं सगळं तुझ्याकडे."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. पुन्हा विचार करायला वेळ मागितला असता तर सरांना शंका आली असती.

सोमवार, १५ डिसेंबर

आईला सांगितलं की बहुतेक कायम होईन. तिनं शेजारी लगेच साखर वाटली. बहुतेक या शब्दाकडे तिनं लक्ष दिलं नाही. संघप्रियाला मात्र सगळं सांगितलं. मला वाटलं ती नेहमीसारखी टोमणा मारेल. ती म्हणाली, "एवढंच न्हवं? गेम तर हाय. कुणाला सुई टोचायची न्हाय, काय न्हाय. बस की गप." मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुझ्या जागी आई बसली असती तर बघितलं असतंस?"

हे मध्ये आणायची गरज नव्हती.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज झालं.

सर आणि मॅडम बाहेर गेले होते. ते दोघं समोर असले की माणूस अवघडतो, असं त्यांचं मत. काशिफनं फोन स्टँडवर लावला, चालू केला आणि मला म्हणाला, "मी जरा खाली काकांकडं जाऊन येतो." खाली त्याचं काहीच काम नव्हतं. मला एकट्याला सोडून जाण्यामागे त्याचा काय हेतू होता, यावर मी अजून विचार करतो आहे.

अंबूबाईंनी पदर खोचला आणि पूजेला बसल्यासारख्या बसल्या. वाक्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या. हॉब्ज आला तेव्हा म्हणाल्या, "ह्यो कोन रं, बँडवाल्यागत नटलेला?" दिवाणखाना बघून म्हणाल्या, "एवढा पैशावाला आणि घरात ह्यो अंधार! लाइट बिल भराय नको वाटतंय सायबाला." मिस एडिथला बघून, "ही बया जेवत न्हाय वाटतं." मला हसू येत होतं. ते चित्रणात येऊ नये म्हणून तोंड दाबून बसलो.

मग जिन्याखालची खोली आली. रुक्मा उभी राहिली आणि बोलली. अंबूबाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"आगं बया, ही तर आपल्यातली हाय! हितं कशी आली ही?"

पडद्यावर तीन प्रश्न आले. हार कुठे आहे? त्या रात्री कुठे होतीस? काही नाही, सहज आलो.

"जेवलीस का, असं कुठं दाबायचं?"

"तसा प्रश्न नाही त्यात."

"न्हाय? एवढं लिवलंय आणि जेवलीस का, एवढंच न्हाय?" त्यांनी सहज आलो दाबलं. रुक्मानं गाठोडं सोडलं. अंबूबाई म्हणाल्या, "आगं, बांध, बांध ते. मी काय तुझं बघाय आलो हाय व्हय!" पण तसंही काही दाबता येत नाही.

बाहेर हॉब्ज बोलला, ही काळी बाई आल्यापासून घरातल्या वस्तू हलतात म्हणून. अंबूबाईंनी त्याला अशी शिवी दिली की ती मी लिहीत नाही. त्याला एकही प्रश्न विचारला नाही, तोंडच फिरवलं आणि परत जिन्याखाली गेल्या. सहज आलो. 

खेळात रात्र झाली. सगळे वर जमले. अंबूबाई म्हणाल्या, "ती एकलीच बसली आसंल. जाऊन येतो तिच्याकडं." आणि बाण दरवाज्यावर नेला.

मी गप्प बसू शकलो असतो. एवढा वेळ बसलोच होतो.

"मावशी, आत जाऊ नका."

त्यांचा हात थांबला. सावकाश वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"का? काय हाय आत?"

"काही नाही."

"मग?"

 त्यांनी स्टँडवरच्या फोनकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. रोज मला चहा देणारी बाई असं बघू शकते हे मला माहीत नव्हतं.

"तुला कसं रं ठावं आत काय हाय ते? आणि हे माझं फोटू कशापायी काढायलास?"

मग मी सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा आत गेलं की गाठोड्यात हार निघतो. जिच्याकडे आपण जास्त जाऊ ती चोर ठरते. तुम्हाला हे माहीत नसताना तुमचा चेहरा कसा होतो ते त्यांना पाहिजे आहे, आणि तुम्हाला सांगायचं नाही या अटीवर मला कायम करणार आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी गेलो न्हाय, तर ती सुटंल?"

"सुटेल. मग हॉब्जकडे जास्त गेलात तर हॉब्जकडे निघेल."

"त्यानं तरी घेतलाय का?"

"नाही. कोणीच घेतलेला नाही."

अंबूबाईंनी माउसवरून हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. इन्स्पेक्टर बोळात उभा होता. डाव्या हाताला जिना, उजव्या हाताला हॉब्जची खोली, समोर गॅसचा दिवा. कोणाच्याच दारात न जाता नुसतं थांबलं तर पुढे काय होतं, हे आजवर आम्ही कोणी तपासलेलं नव्हतं. आम्ही दोघं बघत बसलो. दिव्याची ज्योत हलत होती, धुकं सरकत होतं. बाकी काही झालं नाही.

"ऱ्हाऊ दे त्येला तितंच उभा," असं म्हणून अंबूबाई उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

उद्या सर चित्रण बघतील. त्यात माझा आवाज स्वच्छ आलेला आहे, मी ऐकून खात्री केली. काशिफ वर आल्यावर त्यानंही ऐकलं. म्हणाला, "पुसायचं असंल तर आत्ता सांग. मी बॅटरी गेली म्हणून सांगतो."

मी त्याला नको म्हणालो.